संगणकांचं श्रमदान आणि त्याची मजुरी

एप्रिल १९९४ मध्ये शंभर डॉलरचं एक बक्षीस अखेर जिंकलं गेलं. ते लावलं होतं १९७७ साली. मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या गणिताच्या सदरातून रिव्हेस्ट, शमिर आणि ॲडलमन या तिघा संशोधकांनी १२९ अंकांची एक संख्या वाचकांपुढे ठेवली होती. तिचे दोन मूळ अवयव शोधायचे आणि त्यांच्या आधारे एक गुप्त संदेश उलगडायचा. हे काम कुणाच्या हयातीत होणार नाही, असाच तेव्हाचा अंदाज होता. ते झालं, कारण सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी कचेरीतली, प्रयोगशाळेतली, घरातली यंत्रं इंटरनेटवरून या एका गणिताला जुंपली. सोळाशेच्या आसपास यंत्रं होती. त्यांत दोन फॅक्स यंत्रंही होती. कित्येक महिने गणिताचे तुकडे ईमेलने येत-जात राहिले आणि अवयव सापडले.

शंभर डॉलर सहाशे जणांत वाटायचे कसे? त्यांनी वाटलेच नाहीत. रक्कम फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊन टाकली.

शंभर डॉलर देऊन टाकता येतात. पण हजारो माणसं मिळून विज्ञानाचं एखादं गणित सोडवत असतील, तर कुणी किती काम केलं हे ठरवायचं कसं आणि त्या बदल्यात काही द्यायचं का, हा प्रश्न तिथे संपला नाही. पुढची वीस वर्षं तो पुन्हा पुन्हा उभा राहिला. २०१३ मध्ये ग्रिडकॉइन नावाच्या आभासी चलनाने त्याला जे उत्तर दिलं, त्याच्याइतकं धाडसी उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. बिटकॉइनच्या गदारोळात ही गोष्ट झाकली गेली. ती सांगायला हवी, कारण यंत्रं आणि वीज खर्च करायचीच असेल तर ती कशासाठी, हे विचारणारी माणसं तिच्यात आहेत.

१९९६ मध्ये जॉर्ज वॉल्टमन या अमेरिकन प्रोग्रामरने प्रचंड मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी ‘गिम्प्स’ हा उपक्रम सुरू केला. प्रोग्राम उतरवून घ्यायचा आणि यंत्र रिकामं असेल तेव्हा त्याला आकडेमोड करू द्यायची. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दहा लाखांहून अधिक अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी ५० हजार डॉलर जाहीर केले आणि २००० साली ते मिशिगनमधल्या एका स्वयंसेवकाला मिळाले. त्याचं यंत्र भाग्यवान ठरलं, एवढंच. इतर हजारो यंत्रांनी ज्या संख्या तपासून बाद केल्या, ते काम शोधाइतकंच आवश्यक होतं. पण त्यांच्या हाती काही आलं नाही. पुढे एक कोटी अंकांच्या संख्येचं एक लाख डॉलरचं बक्षीस २००९ मध्ये मिळालं, तेव्हा त्याची विभागणी झाली. निम्मी रक्कम लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गणित विभागाला, पाव भाग धर्मादाय कामाला, आणि उरलेल्यातला मोठा वाटा आधीच्या शोधकांना गेला. या वाटणीत न्यायाची जाण होती. तरीही बाद केलेल्या संख्यांची मजुरी कुणालाच मिळाली नाही.

या चळवळीला खरी गर्दी लाभली ती परग्रहवासीयांमुळे. १७ मे १९९९ रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून ‘सेटी ॲट होम’ सुरू झालं. मूळ कल्पना डेव्हिड गेडी यांची. ती उभी केली डेव्हिड अँडरसन, डॅन वर्थिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पोर्तो रिकोमधल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीने टिपलेली आकाशातली कुजबुज ३५ गिगाबाइटच्या चुंबकीय फितींवर भरायची आणि त्या फिती चक्क टपालाने बर्कलीला पाठवायच्या, कारण दुर्बिणीपाशी एवढा मजकूर वाहून नेणारं इंटरनेटच नव्हतं. बर्कलीत त्या नोंदींचे सुमारे ३४० किलोबाइटचे तुकडे पाडले जात. एकेका तुकड्यात १०७ सेकंदांचं आकाश असे. घरातला संगणक तो तुकडा घेऊन तासन्‌तास आकडेमोड करी आणि पडद्यावर रंगीत आलेखांच्या रांगा उमटत. पहिल्या आठवड्यातच दोन लाखांहून जास्त लोक आले, आणि एकूण संख्या पुढे ५२ लाखांवर गेली. परग्रहावरून संदेश काही आला नाही. पण एका विद्यापीठाच्या छोट्या विभागाला विकत घेणं शक्यच नव्हतं एवढं गणनबळ अनोळखी लोकांनी फुकट दिलं.

खरं तर अगदी फुकट म्हणता येणार नाही. प्रत्येकाच्या नावापुढे त्याने पूर्ण केलेल्या तुकड्यांची संख्या लागे, आणि त्या संख्येने लोकांना झपाटून टाकलं. संघ झाले, देशादेशांत चढाओढ लागली. मग लबाडीही आली. काहींनी प्रोग्राममध्ये फेरफार करून आकडेमोड न करताच ‘झालं’ म्हणून कळवायला सुरुवात केली. ज्या आकड्यांना बाजारात कवडीची किंमत नव्हती, त्यांच्यासाठी माणसं खोटं बोलत होती. बर्कलीच्या गटाने यातून घेतलेला धडा पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया ठरला: एकच तुकडा एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन-तीन यंत्रांना द्यायचा, आणि उत्तरं जुळली तरच श्रेय नोंदवायचं.

हाच नियम अँडरसन यांनी २००२ पासून घडवलेल्या ‘बॉइंक’ या मंचात मुरला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्याला पैसा दिला. आता कुठल्याही शास्त्रज्ञाला स्वतःचा प्रकल्प मांडता येऊ लागला आणि स्वयंसेवकाला आपलं यंत्र हवं त्या प्रकल्पाला देता येऊ लागलं. ऑक्सफर्डचे हवामानाचे अंदाज, सर्नमधल्या कणांच्या वाटा, वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतली प्रथिनांच्या घड्यांची कोडी असे कितीतरी प्रकल्प आले. (बेकर यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) श्रेय मोजायला एककही ठरलं. त्याचं नाव ‘कॉबलस्टोन’, सेटीच्या गटातले जेफ कॉब यांच्यावरून. सेकंदाला शंभर कोटी गणिती क्रिया करणाऱ्या यंत्राने दिवसभर काम केलं की दोनशे कॉबलस्टोन.

या कामातून काय निघालं, असं विचारणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं पुरेशी आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या प्रकल्पाने अरेसिबोच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा जाहीर केला. तो सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे एक्केचाळीस गिरक्या घेतो. त्याची खूण ज्या यंत्रांनी पकडली, त्यांतलं एक अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका दांपत्याच्या घरी होतं आणि दुसरं जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात. २०१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ या प्रकल्पातल्या आकडेमोडीच्या आधारे न्यूरोब्लास्टोमा या बालकर्करोगावर परिणाम करू शकतील अशी सात रसायनं हेरली. तीस लाख रसायनांची चाळणी करून ती निवडलेली होती.

मराठी वाचकाला यात आणखी एक धागा दिसेल. आइन्स्टाइन ॲट होमचं मुख्य काम म्हणजे लायगो या शोधक यंत्रांच्या नोंदींतून अखंड गुरुत्वीय लहरी हुडकणं. असल्या नोंदींतून क्षीण खुणा वेचण्याच्या गणिती पद्धती घडवणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आघाडीवर होते, आणि लायगोचा भारतातला शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहतो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये त्याच्या बांधकामाला मंजुरी दिली.

इकडे यंत्रं विज्ञानासाठी राबत असतानाच, जानेवारी २००९ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइन सुरू झालं. तिथल्या यंत्रांचं काम ठरलेलं: एक विशिष्ट आकडा सापडेपर्यंत कोट्यवधी आकडे आंधळेपणाने तपासत राहायचं. ज्याला आधी सापडेल, त्याला नवी नाणी. त्या आकड्याचा उपयोग व्यवहारांची वही राखण्यापुरता; जगाच्या ज्ञानात त्याने तसूभरही भर पडत नाही. २०१३ साली या शोधासाठी खास चिपा बाजारात आल्या आणि वर्षअखेरीस एका बिटकॉइनचा भाव हजार डॉलरवर गेला. बॉइंकवाल्यांना हे पाहवत नव्हतं. त्यांच्याचसारखी यंत्रं, तीच वीज, कितीतरी पट उत्साह, आणि हाती निव्वळ आकडे. हीच शक्ती कर्करोगाकडे किंवा ताऱ्यांकडे वळवता आली तर, हा विचार अनेकांच्या मनात एकाच वेळी आला असणार.

मात्र तो अमलात आणताना एक खरी अडचण होती. चलनासाठी असं कोडं लागतं, जे सोडवायला अवघड पण तपासायला क्षणभराचं असेल. शिवाय ते कोडं कुणी दिलेलं नसावं, आपोआप तयार व्हावं. नाहीतर कोडं देणाराच चलनाचा मालक होतो. विज्ञानाची कोडी या दोन्ही कसोट्यांवर नापास होतात. प्रथिनाची घडी बरोबर आहे का हे पाहायला जवळपास तेवढीच आकडेमोड पुन्हा करावी लागते. आणि दुर्बिणीच्या नोंदींचा तुकडा आकाशातून थेट सगळ्यांच्या यंत्रात पडत नाही. कुठल्यातरी विद्यापीठाच्या सर्व्हरला तो वाटावा लागतो. जुलै २०१३ मध्ये सनी किंग या टोपणनावाच्या प्रोग्रामरने ‘प्राइमकॉइन’ आणलं. मूळ संख्यांच्या विशिष्ट साखळ्या शोधणं हे त्याचं काम. मूळ संख्या चटकन तपासता येतात आणि कोडं कुणी द्यावं लागत नाही, म्हणून ते जमलं. पण त्या वाटेने औषधांच्या किंवा ताऱ्यांच्या संशोधनापर्यंत पोचता येत नव्हतं.

ग्रिडकॉइनने ही अडचण सोडवली नाही. ती मान्य केली आणि पुढे चाल केली. मला यातच त्याचा शहाणपणा दिसतो. १६ ऑक्टोबर २०१३ रोजी रॉब हॅलफर्ड या टोपणनावाखाली एका प्रोग्रामरने ते जाहीर केलं. काम मोजण्याची आणि तपासण्याची व्यवस्था बॉइंकने आधीच दहा वर्षं चालवली होती. मग नवं कोडं शोधण्याऐवजी त्याच वहीवर विश्वास ठेवायचा आणि तिच्यातल्या श्रेयानुसार नाणी द्यायची, असं ठरलं. श्रमदानाला रोजगार हमीचा हजेरीपट जोडावा तसं हे झालं. बिटकॉइनच्या कट्टर समर्थकांना हे चालण्यासारखं नव्हतं, कारण यात बर्कली, सर्न, प्राग, वॉशिंग्टन अशा ठिकाणच्या सर्व्हरांवर भरवसा ठेवावा लागतो. माझ्या मते तो भरवसा रास्त होता. जे विद्यापीठ संशोधनासाठी तुमच्या उत्तरांवर विसंबतं, त्याने ठेवलेली तुमच्या कामाची नोंद नाकारायची कशाला?

पहिल्या वर्षीचा आराखडा मात्र अर्धवट होता. नाणी काढण्यासाठी बिटकॉइनसारखीच आकडेमोड करावी लागे, आणि बॉइंकवर काम करणाऱ्याला जास्त नाणी मिळत. म्हणजे यंत्राची बरीच ताकद पुन्हा त्याच निरर्थक शोधात जायची. ऑक्टोबर २०१४ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. सनी किंग यांनीच २०१२ मध्ये ‘पीअरकॉइन’मध्ये वापरलेली पद्धत ग्रिडकॉइनने उचलली. तिच्यात वही राखण्याचा मान आकडेमोडीवरून ठरत नाही, जवळ असलेल्या नाण्यांच्या प्रमाणात चिठ्ठी निघावी तसा ठरतो. त्याला वीज जवळपास लागतच नाही. यंत्राची सगळी ताकद विज्ञानासाठी मोकळी झाली.

श्रेयानुसार नाणी वाटण्याचं कामकाज असं. चलनधारक मतदानाने मान्यताप्राप्त प्रकल्पांची यादी ठरवतात. दररोज प्रत्येक प्रकल्पाची श्रेयाची आकडेवारी गोळा होते आणि तिच्यावरून प्रत्येक स्वयंसेवकाचा ‘मॅग्निट्यूड’ निघतो, म्हणजे अलीकडच्या कामात त्याचा वाटा किती हा आकडा. दिवसभराच्या या आकड्यांचा एक मोठा ब्लॉक, म्हणजे चलनाच्या वहीचं एक पान, साखळीत कायमचा नोंदवला जातो. मॅग्निट्यूड सगळ्या प्रकल्पांत सारखा विभागलेला असतो. प्रकल्प लाखोंचा असो की शंभर माणसांचा, त्याला तेवढाच वाटा. त्यामुळे गर्दी नसलेल्या प्रकल्पात तेवढ्याच कामाला जास्त नाणी पडतात आणि हिशेबी माणसं आपोआप दुर्लक्षित प्रकल्पांकडे वळतात. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या लघुग्रहांच्या प्रकल्पासारख्या छोट्या कामांना याचा मोठा आधार आहे. कुणाचं संशोधन किती महत्त्वाचं हे या पद्धतीला ठरवता येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण ते ठरवण्याचा अधिकार चलनाकडे नसलेलाच बरा.

नवख्यासाठी मात्र दार अरुंद होतं. मजुरी हातात पडायला ब्लॉक सापडावा लागे, आणि ब्लॉक सापडायला आधीपासून नाणी जवळ असावी लागत. कमावण्यासाठी आधी विकत घ्या, असं स्वयंसेवकाला सांगणं हा या रचनेचा सर्वांत मोठा दोष होता. नाणी सामायिक ठेवून काम करणारे संघ निघाले, अनुभवी मंडळी नव्यांना थोडी नाणी भेट देत, आणि पुढे ब्लॉक न सापडताही मजुरी मागून घेण्याची सोय झाली. पण तोवर बरेच जण परत गेले होते.

२०१७ मध्ये त्याहून गंभीर गोष्ट उघड झाली. जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्रिडकॉइनची रचना बारकाईने तपासून एक शोधनिबंध सादर केला. दुसऱ्याने केलेल्या संशोधनाची मजुरी आपल्या नावावर लावून घेता येते आणि ज्या ओळखचिन्हाआड स्वयंसेवकांचे ईमेल पत्ते झाकलेले असतात त्यावरून ते पत्ते शोधून काढता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. श्रमाची नोंद हाच ज्या चलनाचा आत्मा, तिथे दुसऱ्याचे श्रम चोरता येणं याहून मोठा दोष कोणता? संशोधकांनी आधी कल्पना दिली होती, दुरुस्तीही सुचवली होती, आणि ओळख सिद्ध करण्याची पद्धत बदलली गेली.

त्याच सुमारास मूळ प्रोग्रामर बाजूला झाला आणि काम स्वयंसेवक प्रोग्रामरांच्या खांद्यावर आलं. त्यांना वारशात मिळालेला कोड फार गुंतागुंतीचा होता. रोजची आकडेवारी गोळा करणारा भाग फक्त विंडोजवर चाले. जी चळवळ मुक्त सॉफ्टवेअरवर वाढली, तिच्या चलनाचा मेंदू एकाच कंपनीच्या प्रणालीवर अवलंबून राहावा, हे त्यांना खटकत होतं. २०२० च्या ‘फर्न’ आवृत्तीपर्यंत त्यांनी तो भाग नव्याने लिहून काढला. जानेवारी २०१८ मध्ये आभासी चलनांच्या बाजाराला उधाण आलं, तेव्हा ग्रिडकॉइनचा भावही वर गेला होता. उधाण ओसरलं तसा तो खाली आला. हे प्रोग्रामर भाव पडल्यावरही काम करत राहिले. ग्रिडकॉइनच्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो यांच्याबद्दल.

मग २०२० आलं. ३१ मार्च रोजी सेटी ॲट होमने नवे तुकडे वाटणं थांबवलं. पुरेशा नोंदी तपासून झाल्या होत्या. आता निष्कर्ष काढायचे होते. ग्रिडकॉइनच्या यादीतला सर्वांत जुना आणि नामांकित प्रकल्प गेला. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीणही कोसळली.

याच मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे नेमकं उलट काहीतरी घडत होतं. स्टॅनफर्डमध्ये २००० साली सुरू झालेल्या ‘फोल्डिंग ॲट होम’ या बॉइंकबाहेरच्या प्रकल्पावर माणसं अक्षरशः लोटली. त्याची एकत्रित ताकद एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढ्या क्रियांच्या पलीकडे गेली. त्या वेळचा जगातला सर्वांत वेगवान महासंगणक त्याच्या जवळपासही नव्हता. या प्रकल्पासाठीही ‘क्युअरकॉइन’सारखी चलनं २०१४ पासून होती. पण आलेल्या गर्दीतल्या बहुसंख्यांना नाणी नको होती. त्यांना विषाणूविरुद्ध काहीतरी करायचं होतं.

म्हणजे ग्रिडकॉइनची गरजच नव्हती का? मी तसं म्हणणार नाही. साथीची गर्दी साथीबरोबर ओसरते. लघुग्रहांचे आकार, आकाशगंगेची रचना, मूळ संख्या यांच्यासाठी कुणी रात्रीत धावून येत नाही. तिथे वर्षानुवर्षं यंत्र चालू ठेवणारी माणसं लागतात. त्यांना त्यांच्या श्रमाची पुसता न येणारी नोंद आणि थोडी मजुरी ग्रिडकॉइनने दिली. त्याने कुणाला श्रीमंत केलं नसेल, पण ते त्याचं काम नव्हतं. घरगुती वीजदराने हिशेब मांडला तर नाण्यांतून बिलही सुटत नाही. आपल्याकडे तर २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. पैशासाठी या वाटेला कुणी जाऊ नये.

विज्ञानासाठी जावं. बॉइंक आजही चालू आहे, फुकट आहे, आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत संध्याकाळनंतर संगणकांच्या रांगा नुसत्या बसून असतात. तुम्ही तिथे शिकवत किंवा शिकत असाल, तर प्राचार्यांची रीतसर परवानगी घ्या, विजेचा खर्च आधी मोजा, आणि एक प्रकल्प निवडा. नाणी घ्यायची की नाही, ते नंतर ठरवा.